दिवा कोणासाठी?

गुरुवारी पाणी बंद असलं की महापालिकेच्या निवेदनातलं पुढचं वाक्य पुणेकराला पाठ असतं: शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल. ते पाणी सुरुवातीला गढूळ येतं. थोडा वेळ नळ सोडून द्यायचा आणि मग भरायला घ्यायचं, ही घरोघरची रीत. अशाच एका शुक्रवारी मी दिवसभर बादल्या भरल्या, त्यात सागरी मिठाचं मिश्रण विरघळवलं आणि कोथरूडच्या आमच्या बैठकीच्या खोलीत दोनशे लिटरचा समुद्र उभा केला. खडकवासल्याचं पाणी इतकं गोड, टीडीएस मीटरवर आकडा शंभराच्या आत. त्याला आणखी काय गाळायचं, असं मला तेव्हा वाटत होतं.

तिसऱ्या आठवड्यात काचेवर तपकिरी धूळ धरली. बोटाने सहज पुसली जायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत यायची. वाळूवर तर कोणी दालचिनीची पूड भुरभुरली असावी असं दिसत होतं. घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या बहुतेकांची शेवाळाशी पहिली गाठ अशीच पडते.

ही धूळ म्हणजे डायटम. मराठीत त्यांना करंडक वनस्पती असं एक नाव आहे आणि ते फार नेमकं आहे. कुंकवाच्या करंड्याला जसं खालचं भांडं आणि त्यावर बसणारं झाकण असतं, तसे डायटमच्या कवचाचे दोन भाग एकावर एक बसलेले असतात. हा करंडा सिलिकाचा, म्हणजे जवळपास काचेचाच, आणि त्यावरची नक्षी इतकी बारीक की ती सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. पृथ्वीवर जेवढं प्रकाशसंश्लेषण होतं, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा हे करंडे करतात. कोल्हापूर परिसरातल्या डायटमवर एच. पी. गांधी यांनी गेल्या शतकात बारकाईने काम केलं. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत हा अभ्यास आजही चालतो. ज्यांचं नाव या संस्थेला आहे ते शंकर पुरुषोत्तम आघारकर मालवणचे. तोवर आफ्रिकेतच माहीत असलेल्या प्रकारातला गोड्या पाण्यातला जेलीफिश त्यांना सह्याद्रीत सापडला आणि १९१२ साली त्याची नोंद ‘नेचर’मध्ये आली. समुद्राशी नातं सांगणारे जीव घाटमाथ्यावर शोधणाऱ्या माणसाचं नाव पुण्यातल्या संस्थेला असावं, याचा मला फार आनंद वाटतो.

तर करंडा बांधायला सिलिका लागते. ती माझ्या टाकीत आली कुठून? उत्तर पायाखाली होतं. पुणे ज्या काळ्या कातळावर वसलं आहे, त्या बेसाल्टचा वजनाने जवळपास निम्मा भाग सिलिका आहे. पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला या चारही धरणांचं पाणी याच कातळावरून वाहत येतं. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. त्या सौम्य आम्लाने कातळ कणाकणाने झिजतो आणि त्यातली थोडी सिलिका पाण्यात उतरते. प्यायला त्याने काहीच बिघडत नाही. पण समुद्राच्या वरच्या थरात डायटम सिलिका सतत वापरून संपवत असतात, त्यामुळे तिथे ती अगदी थोडी उरते. आपण पुण्याच्या नळाचं पाणी खारं केलं, की करंड्यांसमोर त्यांनी समुद्रात क्वचितच पाहिलेली पंगत मांडतो.

आणि टीडीएस मीटरला ही सिलिका दिसत नाही. मीटर विजेचं वहन मोजतो. विरघळलेल्या सिलिकावर विद्युतभार जवळजवळ नसतो, म्हणून मीटरच्या लेखी ती नसल्यासारखीच. आकडा शंभर दाखवतो की पन्नास, याचा इथे उपयोग नाही. आरओचं पाणी आयन काढणाऱ्या रेझिनमधून नेलं तर सिलिका अडते. मात्र रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी निसटते तीच, आणि मीटर तेव्हाही शून्य दाखवत असतो. म्हणून काचेवर अचानक पुन्हा तपकिरी थर धरू लागला, तर आधी रेझिन बदलून बघावं.

स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालतं का, असं मला नेहमी विचारतात. बऱ्याच घरगुती यंत्रांत चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळायची सोय असते, किंवा खनिजांचं काडतूस बसवलेलं असतं. ते पाणी पिण्यासाठी केलेलं असतं. टाकीसाठी ही मिसळण बंद करून मधल्याच नळीतून पाणी घ्यायला हवं. वाघोली-उंड्रीकडे बोअरवेलवर किंवा टँकरवर दिवस काढणाऱ्या सोसायट्यांत तर याला पर्यायच नाही. तिथल्या पाण्यात सिलिकाच्या जोडीला नायट्रेटही असू शकतं.

डायटमचं हे पर्व साधारण महिनाभरात आपोआप ओसरतं. सिलिका संपते, जिवाणू स्थिरावतात, थर विरळ होतो. माझ्याकडेही तसंच झालं. पण जाता जाता त्याने जागा हिरव्या केसाळ शेवाळाला दिली, आणि ते काही केल्या जाईना.

आता दिव्याकडे येऊ.

टाकीसोबत मी घेतलेला एलईडी दिवा चांगल्यापैकी महाग होता. खोक्यावर रंगीबेरंगी प्रवाळांचं छायाचित्र होतं. निळ्या, जांभळ्या, पांढऱ्या प्रकाशाचा जोर वेगवेगळा बदलता येण्याची सोय, वर भिंगं. असे दिवे बनतात ते प्रवाळ पाळणाऱ्यांसाठी. दगडी प्रवाळाच्या अंगात एकपेशीय शैवालं राहतात, ती प्रकाशावर साखर तयार करतात आणि प्रवाळ त्यावर जगतो. उथळ, नितळ समुद्रात दुपारच्या उन्हाइतका प्रखर उजेड त्याला हवा असतो. तेवढा उजेड काचेच्या टाकीत आणायला हा सगळा खटाटोप.

पण माझ्या टाकीत प्रवाळ नव्हतं, आणि असूही नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००१ साली त्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी सांगाडा बांधणारी सगळी प्रवाळं, काळी प्रवाळं, अग्निप्रवाळं आणि समुद्रपंखे घातले गेले. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही त्यातच आल्या. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला. जिवंतच नव्हे, शोभेचा म्हणून विकला जाणारा मेलेला पांढरा तुकडाही त्यात येतो. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून समुद्रातून काढलेला दगड हाही बहुतेक वेळा जुन्या प्रवाळाचा सांगाडाच असतो. त्याऐवजी भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे सच्छिद्र दगड वापरावेत. त्यांत जिवाणू वसायला वेळ लागतो, पण वसतात. मासेही बंदिस्त जागेत पैदास केलेलेच मागावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास करण्याचं तंत्र बसवून बरीच वर्षं झाली. मालवणच्या समुद्रात मी प्रवाळ पाहिलं आहे. गढुळलेल्या पाण्यात, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, मासेमारी आणि पर्यटनाच्या वर्दळीत ते कसंबसं टिकून आहे. त्याचा एकही तुकडा माझ्या बैठकीच्या खोलीसाठी निघू नये.

मग हिशेब असा होतो. टाकीत दोन क्लाउनफिश, थोड्या गोगलगायी, दगड आणि वाळू. यातल्या कोणालाही प्रकाशावर अन्न बनवता येत नाही. माशांना दिवस आणि रात्र कळण्यापुरता उजेड पुरतो. त्यांच्या डोक्यावर मी रोज दहा तास असा दिवा लावत होतो, की ज्याचा प्रकाश खाऊ शकेल असा टाकीत एकच जीव होता: शेवाळ. ज्याच्यासाठी तो दिवा बनला, ते प्रवाळ तिथे नव्हतंच. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती खाऱ्या टाक्यांत शेवाळाची निम्मी गोष्ट हीच आहे. सल्ला आणि सामान प्रवाळ पाळणाऱ्या देशांतून येतं, आणि टाकी मात्र माशांची असते.

निळ्या प्रकाशावर शेवाळ वाढत नाही, असंही सांगितलं जातं. हा समज कशामुळे झाला ते कळतं. समुद्रात खाली जावं तसा तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच पाणी गिळून टाकतं आणि निळा खोलवर पोचतो. विजयदुर्गच्या पश्चिमेला भर समुद्रात बुडालेलं एक पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याच्या नावाने ओळखलं जाणारं आंग्रिया बँक. त्याचा माथा सुमारे २० मीटर खोल आहे आणि तिथलं प्रवाळ याच निळसर उजेडात जगतं. पण प्रवाळ ज्यावर जगतं तेही शैवालच, आणि त्याच्यातलं हरितद्रव्य तेच. हरितद्रव्य ४३० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश अगदी जोमाने शोषतं आणि ६६० च्या आसपासचा तांबडाही. लालसर चिकट पापुद्रा धरणारे सायनोबॅक्टेरिया तर आणखी पुढचे. त्यांच्याकडे फायकोएरिथ्रिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते हिरवा प्रकाशही कामी लावतं. रंग बदलून शेवाळाला उपाशी मारता येत नाही. जोर आणि तास कमी करावे लागतात.

मी दिवा एक तृतीयांश जोरावर आणला आणि टायमर सात तासांवर बसवला, दुपारी ३ ते रात्री १०, कारण घरातली माणसं टाकी तेव्हाच बघतात. तरीही एका कोपऱ्यात शेवाळ जोरात होतं. एप्रिलमधल्या एका रविवारी त्याचं कारण सापडलं. साडेपाचच्या सुमाराला पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आत येत होता आणि वीसेक मिनिटं नेमका त्या कोपऱ्यावर पडत होता. भर उन्हापुढे महागातला दिवाही फिका. जाड पडदा लावला आणि पंधरा दिवसांत तो कोपरा मोकळा झाला. टाकी खिडकीसमोर मांडू नये, हा सल्ला दीडशे वर्षांपूर्वीच्या लोकांनाही कळला होता. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली मत्स्यालय उभारताना विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी टाक्यांखाली मोठा अंधारा हौद बांधला आणि पाणी सतत त्यातून फिरवलं. अंधारात राहून पाणी थंड राही आणि शेवाळ धरत नसे.

दिव्याचा दुसरा हिशेब उष्णतेचा. पूर्वीच्या मेटल हॅलाइड दिव्यांपैकी २५० वॅटचा एक आठ तास जाळला, तर दोन युनिट वीज लागते. प्रकाश म्हणून गेलेली वीजही शेवटी कुठेतरी उष्णताच होते. त्यातली निम्मी जरी दोनशे लिटर पाण्यात मुरली, तरी पाणी चार अंशांनी तापेल. एप्रिल-मे महिन्यांत खोली ३५ अंशांवर असताना हे चार अंश माशांच्या जिवावर बेततात. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि सायनोबॅक्टेरियाचं फावतं. एलईडीने हा भार बराच हलका केला. उरलेल्यासाठी पुण्याच्या उन्हाळ्यात एक साधा उपाय आहे, तो मुंबईच्या दमट हवेत तितका चालत नाही: पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा. पुण्याची एप्रिलमधली हवा कोरडी असते, म्हणून बाष्पीभवन भराभर होतं. हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. दोनशे लिटर पाणी एका अंशाने थंड करायला २०० किलोकॅलरी काढाव्या लागतात, म्हणजे सुमारे ३५० मिलिलिटर पाणी उडवावं लागतं. माठाचं पाणी गार होतं, ते याच न्यायाने.

पण उडतं ते निव्वळ पाणी. मीठ मागे राहतं, सिलिका मागे राहते, फॉस्फेट मागे राहतं. उन्हाळ्यात माझ्या टाकीतून रोज सुमारे तीन लिटर पाणी जातं. ती भर नळाच्या पाण्याने घातली, तर दोन महिन्यांत १८० लिटर, म्हणजे जवळजवळ आणखी एका टाकीभर नळाच्या पाण्यातलं सगळं आत साठतं. ज्यांची टाकी हिवाळ्यात स्वच्छ असते आणि मे महिन्यात हिरवी होते, त्यांनी उन्हाबरोबर या भरीच्या पाण्याकडेही बघावं.

आता खाद्य. माशांच्या सुक्या खाद्यात वजनाच्या साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. एक ग्रॅम खाद्य म्हणजे १० मिलिग्रॅम फॉस्फरस, फॉस्फेटच्या रूपात मोजला तर सुमारे ३० मिलिग्रॅम. दोनशे लिटरमध्ये हे सगळं उतरलं तर फॉस्फेट लिटरला ०.१५ मिलिग्रॅमने वाढतं. खाऱ्या टाकीत ते ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान असावं असं धरतात. म्हणजे पाहुण्यांच्या मुलांनी कौतुकाने टाकलेली एक जास्तीची चिमूट आठवडाभराचा तोल घालवू शकते. अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यांनी १९३४ साली दाखवलं, की समुद्रातल्या तरंगत्या जिवांत कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांच्या अणूंचं प्रमाण ढोबळमानाने ठरलेलं असतं. आज ते १०६, १६ आणि १ असं सांगितलं जातं. या प्रमाणाने त्या १० मिलिग्रॅम फॉस्फरसवर जवळपास एक ग्रॅम सुकं शेवाळ उभं राहू शकतं, ओलं मोजलं तर त्याच्या कैक पट. खाद्य आत जातं तेवढंच शेवाळ बाहेर काढलं, तरच खातं जुळतं.

मुळा-मुठेवरून रोज जाणाऱ्या पुणेकराला हे वेगळं समजवावं लागत नाही. दरवर्षी नदी जलपर्णीने भरते, महापालिका यंत्रं लावून ती काढते, पुढच्या वर्षी ती पुन्हा येते, कारण सांडपाण्यातून येणारा नायट्रोजन आणि फॉस्फरस थांबलेला नसतो. आणि काढलेली जलपर्णी काठावरच सडू दिली, तर तिच्यातलं सगळं पहिल्या पावसात नदीत परत जातं. टाकीत तीन दिवस काळोख करून शेवाळ मारण्याचा उपाय सर्रास सुचवतात. त्यात नेमकं हेच होतं. शेवाळ मरतं, पाण्यातच कुजतं, प्राणवायू खातं आणि त्याने साठवलेलं सगळं पाण्यात सोडून देतं. काळोख करायचाच असेल, तर आधी हाताने उपटून, नळीने खेचून जितकं निघेल तितकं बाहेर काढावं, आणि काळोखाच्या दिवसांत स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि हवेचा पंप बंद करू नयेत.

मी मात्र दुसऱ्या टोकाला गेलो होतो. फॉस्फेट शोषणारे लोहाच्या ऑक्साइडचे दाणे सांगितलेल्या मात्रेच्या दुप्पट घातले. महिनाभरात फॉस्फेटही शून्य, नायट्रेटही शून्य. हिरवं शेवाळ गेलं, आणि त्याच्या जागी दगडांवर तपकिरी, शेंबडासारखे धागे लोंबू लागले. त्यांत हवेचे बुडबुडे अडकलेले. दुपारी ते दाट दिसायचे, रात्री दिवा मालवल्यावर जवळजवळ नाहीसे व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी परत. हे डायनोफ्लॅजेलेट. बाकी सगळे जीव उपाशी राहिले की रिकामी जागा यांना मिळते. त्यांतले काही विषारी असतात. माझ्या तीन गोगलगायी त्या आठवड्यात मेल्या. दाणे काढून टाकले, खाद्य थोडं वाढवलं, नायट्रेट पाचच्या आसपास येऊ दिलं, दिवा आणखी मंद केला. दीड महिना लागला.

तेव्हापासून शेवाळ संपवण्याऐवजी मी त्याला जागा नेमून दिली आहे. मुख्य टाकीखालच्या छोट्या टाकीत किटोमॉर्फा वाढतं. हे तारेच्या घासणीसारखं गुंतलेलं, हिरवंगार, मोकळं तरंगणारं शेवाळ आहे. त्याच्यावर एक साधा, पांढरा, स्वस्तातला दिवा रात्री १० नंतर लागतो, वरचा दिवा मालवल्यावर. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबलं की पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सामू घसरतो. खालचं शेवाळ तेव्हा कामाला लागलेलं असल्याने ही घसरण सौम्य होते. वॉल्टर एडी यांनी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत १९८० च्या सुमाराला जाळीवर शेवाळ वाढवून प्रवाळाच्या मोठ्या टाक्यांचं पाणी शुद्ध राखलं होतं, त्याच विचाराचं हे घरगुती रूप. दर दोन-तीन रविवारी मी त्यातला ओंजळभर गुंता काढतो, गोड्या पाण्यात खळखळून धुतो आणि गच्चीवरच्या कढीपत्त्याच्या कुंडीत मातीखाली घालतो.

पुढची काच मी दर दोन दिवसांनी चुंबकाच्या घासणीने पुसतो. मागची पुसत नाही. वर्षभरापूर्वी तिच्यावर गुलाबी ठिपका दिसला, मोहरीएवढा, नखाने खरवडूनही न निघणारा. आता तसे चाळीसेक आहेत, काही जांभळे, काही एकमेकांत मिसळलेले. कवचासारखं चुन्याचं अंग धरणारं हेही शैवालच, आणि मंद उजेडातच ते बरं वाढतं. दुपारी दिवा लागला की क्लाउनफिशची जोडी त्याच भिंतीशी जाऊन थांबते. मादी थोडी पुढे, नर तिच्या मागे. गेल्या आठवड्यापासून दोघं मिळून त्यातला एक गुळगुळीत भाग तोंडाने साफ करताहेत. अंडी घालण्याआधी ते असंच करतात.